लेक इम्युनॉलॉजीत पीएचडी करायची म्हणते. पुढे नक्की काय असतं?

तीनहातनाका
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे लोकल आणि राजकारणाच्या धाग्यांवर वाचनमात्र असतो. आज मात्र मदत हवी आहे.

मुलगी बायोटेकमध्ये एमएस्सी झाली. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, ज्युनियर रिसर्च फेलो म्हणून तिची निवड झाली आहे. नेमकी त्याच सुमारास रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीची क्वालिटी कंट्रोलची ऑफरही आली. ती म्हणते पीएचडीच करणार, विषय इम्युनॉलॉजी (शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र) आणि मॉलिक्युलर बायोलॉजी, टी-सेल नावाच्या रक्तातल्या प्रतिकारक पेशी वगैरे. मी जन्मभर बँकेत. "पुढे काय?" विचारलं तर म्हणते, "बाबा, ते कुणालाच आधी सांगता येत नाही." कर्जाच्या अर्जावर कुणी असं लिहिलं असतं तर मी फाईल तिथूनच परत पाठवली असती.

तिला अडवायचं नाही. पण या क्षेत्रातल्या माणसाचं आयुष्य कसं जातं, पैसा किती, नोकरी कधी, हे कुणी अनुभवातून सांगेल का? ठाणे-नवी मुंबईतली मंडळी असतील तर उत्तमच.

तिरकस_तात्या
पहिला फायदा : नावामागे डॉक्टर लागतं.
पहिला तोटा : सोसायटीतले सगळे ब्लडप्रेशर मोजून घ्यायला येतात.

खेकडा
कंपनी. विषय संपला.

हिशेबनीस
काका, आकडे बघू. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोला (जेआरएफ) महिना ३७,०००, दोन वर्षांनी सीनियर (एसआरएफ) झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडं भत्ता. ठाण्यात आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या मुलीला हे वाईट नाही. पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि ही फेलोशिप साधारण पाच वर्षांची. थिसिस पाच वर्षांत झाला नाही तर (बहुतेकांचा होत नाही) मधल्या काळात काय खाणार, ते आधी विचारून ठेवा.

कंपनीत पहिला पगार कदाचित कमीच असेल, पण पाच वर्षांनी पीएफ, अनुभव आणि दोन-तीन पगारवाढी पदरात पडलेल्या असतील.

पिपेटवाली
काका, मी याच पट्ट्यात पीएचडी करते, शेवटच्या टप्प्यात आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण गाइड इथे वाचनमात्र असावेत असा दाट संशय आहे.

दिवस कसा जातो ते सांगते, बाकीचं लोक सांगतीलच. माणसाच्या पेशी ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये वाढवायच्या. त्यांना रविवार कळत नाही, गणपती कळत नाहीत. मीडियम बदलायचं म्हणजे बदलायचं. टी-सेलला चेतवलं की सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस तासांनी काय होतं हे बघायचं असेल तर त्यातली एक वेळ हमखास पहाटेची येते. वेस्टर्न ब्लॉटला (पेशीतलं प्रथिन ओळखायची चाचणी) दोन दिवस घालवायचे आणि शेवटी पट्ट्या दिसायच्या जागी स्वच्छ, कोरा कागद. फ्लो सायटोमीटरची (पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) वेळ आठवडाभर आधी बुक केलेली असते, आणि बरोबर त्याच दिवशी पेशी रुसतात.

पावसाळ्यात बुरशीचा ताप वेगळाच. बुरशी निदान दिसते तरी. मायकोप्लाझ्मा हा बारीकसा जिवाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडियम गढूळ होत नाही, नेहमीच्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो. पेशी वाढत राहतात, पण त्यांचं वागणं बदललेलं असतं. पीसीआर करून तपासलं नाही तर माणूस कित्येक महिने खोट्या निकालांवर गोष्ट रचत बसतो. आमच्या लॅबमध्ये एक अख्खी सेल लाइन अशी गेली. सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्ह करून फेकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हे वाचून तुमची लेक "बरं, मग?" म्हणाली तर तिला पाठवा. तोंड वाकडं केलं तर रबाळे.

तीनहातनाका
तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "पीसीआर दर महिन्याला करत नव्हते का?"

पिपेटवाली
पाठवा.

क्यूसीवाला
रबाळेची ऑफर आली म्हणून लोक नाक मुरडतायत, तर त्या बाजूनेही बोलतो. मी टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात बायोलॉजिक्समध्ये, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवलेल्या औषधांत आहे. क्यूसी म्हणजे नुसती गोळी मोजणं नव्हे. आम्ही बनवतो त्या अँटिबॉडी जिवंत पेशींकडून, चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातल्या सीएचओ पेशींकडून करवून घेतो. प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी एलायझा, एचपीएलसी, एंडोटॉक्सिन, मघाशी ताईंनी रडवेल्या सुरात सांगितलेली मायकोप्लाझ्मा चाचणी, सगळं होतं. फरक इतकाच की आमच्याकडे प्रयोग फसला तर थिसिस लांबत नाही, डेव्हिएशन रिपोर्ट लिहावा लागतो. आणि ऑडिट आलं की तीन दिवस कुणी हसत नाही.

शिफ्ट असतात, कंपनीची बस ठाणे स्टेशनवरून उचलते, पगार एक तारखेला. हेही आयुष्य आहे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. एमएस्सीवर आर अँड डीत शिरणं कठीण. शिरलात तरी एका पायरीनंतर वर पीएचडीवालेच दिसतात. मी स्वतः त्या पायरीवर उभा आहे.

खेकडा
मग आता कर की पीएचडी.

क्यूसीवाला
गृहकर्ज. घणसोली. टू बीएचके. आणखी काही विचारायचंय?

तिरकस_तात्या
खेकड्याने पहिल्यांदाच कुणाला तरी वर ढकललं, याची नोंद घ्यावी.

परळ_ते_खारघर
जरा सविस्तर लिहिते. निवृत्त आहे, वेळच वेळ आहे.

आमची सुरुवात परळला, कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. याच संस्थेचं बिऱ्हाड या शतकाच्या सुरुवातीला खारघरला हललं. तेव्हा तिथे डोंगर, गवत आणि आम्ही. संध्याकाळी स्टेशनपर्यंत रिक्षा मिळाली तर दिवस चांगला गेला म्हणायचा.

आमच्या काळी किट नावाची चैन नव्हती. पीसीआरचं यंत्र येण्याआधी तीन वॉटर बाथ तीन तापमानांना लावून नळ्या हाताने इकडून तिकडे करत असू. एकीच्या हातात स्टॉपवॉच, दुसरीच्या हातात नळ्यांचा स्टँड, आणि बोलायचं नाही, कारण मोजणी चुकते. सदर्न ब्लॉटला (डीएनएचा तुकडा ओळखायची पद्धत) किरणोत्सारी फॉस्फरस लावायचा आणि एक्स-रे फिल्म उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवून घरी जायचं. टी-सेल कर्करोगाच्या पेशीला खरंच मारते का, हे पाहायला लक्ष्यपेशींमध्ये किरणोत्सारी क्रोमियम भरायचा आणि पेशी फुटल्यावर तो किती बाहेर आला ते मोजायचं. आज हेच काम मुली फ्लो सायटोमीटरवर दुपारच्या जेवणाआधी उरकतात, आणि वर दमलो म्हणतात. (पिपेटवाली, हे तुला नाही हं.)

काका, तुमच्या मुलीला कमल रणदिव्यांचं नाव सांगा. मूळच्या पुण्याच्या, जन्म १९१७. एमएस्सीला काय केलं, तर सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास. लग्नानंतर मुंबईला आल्या आणि डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाकडे वळल्या. १९४९ मध्ये पीएचडी. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत टिश्यू कल्चर शिकल्या. हेला पेशी (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशी) १९५१ मध्ये पहिल्यांदा जिथे वाढवल्या गेल्या, तीच ही प्रयोगशाळा. परत येऊन त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगात हार्मोन आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, यावर त्या उंदरांमध्ये काम करत होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूवरही केलं. १९८२ मध्ये पद्मभूषण.

सीताफळावरून सुरुवात झालेली बाई कुठे पोचली बघा. विषय ठरवून कुणाचीच कारकीर्द पुढे जात नाही, निदान मी तरी तशी पाहिली नाही.

मनीमाऊ_सीवूड्स
ताई, वाशीला त्यांच्याच संस्थेचं वसतिगृह आहे ना?

परळ_ते_खारघर
हो. इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन. १९७३ ची स्थापना, रणदिवे संस्थापकांपैकी एक. वाशीला सेक्टर १० ए मध्ये आहे. नोकरदार बायकांचं वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. लॅबमधल्या बाईची खरी अडचण काय असते हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी ते उभं केलं.

बॉस्टनचा_बंड्या
मूळ डोंबिवली, सध्या इकडे पोस्टडॉक. सगळ्यांच्या गोड गोष्टींत मिठाचा खडा टाकायला आलोय.

पीएचडी हा या वाटेचा सोपा भाग आहे. खरी पंचाईत नंतर. पीएचडीनंतर पोस्टडॉक, मग बहुधा दुसरा पोस्टडॉक. दरवर्षी व्हिसा, दर दोन-तीन वर्षांनी ग्रँट संपायची भीती. भारतात परतायचं तर रामलिंगस्वामी किंवा इन्स्पायर फॅकल्टीसारख्या फेलोशिप आहेत, पण त्या ठरावीक मुदतीच्या. मुदत संपल्यावर संस्था कायम करेलच असं नाही. माझा एक बॅचमेट असाच परतला. पैसे मंजूर, पण उपकरणाची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत बसली. ते उपकरण बसलं तोवर फेलोशिपचा अर्धा काळ सरला होता. संस्थेचं नाव घेत नाही.

त्यात हे अँटिबॉडीचं प्रकरण. इकडे मी दुपारी ऑर्डर देतो, दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर. तिकडे तीच छोटी कुपी आयात होऊन, कोरड्या बर्फासकट कस्टममधून सुटून हातात पडेपर्यंत माणूस प्रयोग का करायचा होता तेच विसरतो.

परळ_ते_खारघर
बंड्या, तुझं खोटं नाही. पण धीर धरणाऱ्यांची उदाहरणंही आहेत. शिमोन साकागुचींना २०२५ चं नोबेल मिळालं, त्यामागची गोष्ट या धाग्याला अगदी लागू आहे म्हणून लिहिते.

आपल्याच शरीरावर टी-सेल हल्ला का करत नाहीत? जुनं उत्तर असं की थायमस ग्रंथीतच दांडगट टी-सेल निवडून मारल्या जातात. सत्तरच्या दशकात काहींनी म्हटलं की शिवाय रक्तात फिरणाऱ्या 'सप्रेसर' टी-सेलही असतात, त्या बाकीच्यांना आवरतात. निबंधांवर निबंध आले. त्यांना आय-जे नावाचा एक जनुक-भागही नेमून दिला गेला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्यांनी प्रत्यक्ष डीएनए तपासला. तिथे असा जनुकच नाही! अख्ख्या विषयाची बेअब्रू झाली. त्यानंतर बरीच वर्षं सेमिनारमध्ये 'सप्रेसर' म्हटलं की लोक खाली मान घालून वहीत रेघोट्या ओढायचे. ते मी पाहिलंय.

साकागुचींनी हे सोडलं नाही. नवजात उंदराचा थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढला की त्याला पुढे ऑटोइम्यून आजार होतात, आणि निरोगी उंदराच्या टी-सेल दिल्या की ते टळतात, एवढ्या एका निरीक्षणाला ते धरून बसले. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं की आवरणाऱ्या पेशी ओळखता येतात, त्यांच्यावर सीडी२५ नावाची खूण असते. आज त्यांना आपण रेग्युलेटरी टी-सेल म्हणतो.

क्यूसीवाला
ताई, त्याच नोबेलातल्या बाकीच्या दोघांचंही सांगा की! मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल. हे दोघं विद्यापीठात नव्हते, अमेरिकेत एका बायोटेक कंपनीत होते. १९४० च्या दशकात ओक रिजच्या प्रयोगशाळेत आपोआप उपजलेला 'स्कर्फी' उंदीर, अंगावर खवले, नर थोड्याच आठवड्यांत मरायचे. त्यांच्यात नेमका कोणता जनुक बिघडलाय हे या दोघांनी एक्स गुणसूत्र चाळून शोधलं. २००१ मध्ये फॉक्सपी३ जाहीर केला. माणसांतही तोच बिघडला की मुलग्यांना आयपेक्स नावाचा जीवघेणा ऑटोइम्यून आजार होतो. साकागुचींच्या पेशींची मुख्य कळ हीच, हे पुढे २००३ मध्ये कळलं.

पीसीआरही तसाच. कॅरी म्युलिसला १९८३ मध्ये सुचला, तेव्हा तो सीटस कंपनीत नोकरीला होता. तेव्हा कंपनी म्हणजे बुद्धी गहाण, असं कुणी समजू नये.

बॉस्टनचा_बंड्या
दोन्ही किस्से झकास आहेत, पण दोन्ही नोबेलवाल्यांचे आहेत. साकागुचींसारखाच एखाद्या निरीक्षणाला चिकटून बसलेला आणि हाती काही न लागलेला माणूस नोबेलच्या बातमीत दिसत नाही, तो ठाण्यात क्लास घेताना दिसतो. काकांची मुलगी यांतली कोण, हे काकांनी कसं ओळखायचं?

लोक कॅरिकोबाईंचंही उदाहरण देतात. एमआरएनएवर (पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणारा रेणू) काम करायच्या, ग्रँट मिळेना म्हणून १९९५ मध्ये विद्यापीठाने खालच्या पदावर बसवलं. तरी त्या थांबल्या नाहीत. वाइसमन यांच्याबरोबर २००५ मध्ये दाखवलं की एमआरएनएतला युरिडिन बदलून स्युडोयुरिडिन घातला की शरीर त्यावर भडकत नाही. पुढे करोनाची लस आणि २०२३ चं नोबेल. पण करोना आलाच नसता तर? मधली वर्षं त्यांचं घर कशावर चाललं हे कुणी विचारत नाही.

मनीमाऊ_सीवूड्स
अवांतर : कॅरिकोबाईंच्या मुलीने रोइंगमध्ये दोनदा ऑलिंपिक सुवर्ण मिळवलंय, २००८ आणि २०१२. म्हणजे आई खालच्या पदावर असताना घरात कुणीच हातपाय गाळून बसलं नव्हतं.

परळ_ते_खारघर
बंड्या, तुझा मुद्दा मान्य. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी वाटेत गळाल्या, हुशारीत माझ्यापेक्षा सरस होत्या. कुणाचा गाइड चुकला, कुणाची सासू. फक्त एवढं म्हणते की माझं स्वतःचं कुठलंही काम नोबेलच्या वाऱ्यालाही गेलं नाही, आणि तरी मला ती वर्षं वाया गेली असं वाटत नाही. हा माझा स्वभाव असेल. तो सगळ्यांना असतोच असं नाही आणि असायलाच हवा असंही नाही.

साधीसुधी_कोपरी
मी यातली नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. माझ्या भावाला लिम्फोमा होता. केमो झाली, परत उलटला. मग त्याला सीएआर-टी दिलं, खारघरलाच. टी-सेल काढतात, बाहेर नेतात, काहीतरी करतात आणि परत देतात, एवढंच आम्हाला कळलं. ते काय करतात ते कुणी सोप्या भाषेत सांगाल का? तेव्हा विचारायची मनःस्थिती नव्हती.

पिपेटवाली
नक्की. आणि भाऊ कसे आहेत ते आधी सांगा.

टी-सेल मारेकरी असते, पण समोरच्या पेशीने आपल्या आतला तुकडा बाहेर काढून दाखवला तरच तिला तो ओळखता येतो. कर्करोगाच्या पेशी हे दाखवायचं टाळतात. म्हणून रुग्णाच्या रक्तातून ल्युकाफेरेसिसच्या यंत्राने टी-सेल वेगळ्या काढायच्या. निकामी केलेल्या लेंटिव्हायरसच्या पाठीवर बसवून एक नवा जनुक त्यांच्यात सोडायचा. त्या जनुकापासून पेशीवर एक जोड-रिसेप्टर तयार होतो. त्याचं बाहेरचं तोंड अँटिबॉडीचं असतं, आतलं शेपूट टी-सेलचं. बाहेरचं तोंड सीडी१९ नावाची खूण थेट पकडतं, जी बी-सेलवर असते, त्यामुळे बी-सेलच्या लिम्फोमावर आणि ल्युकेमियावरही. मग पेशी प्रयोगशाळेत वाढवून, तपासून, ड्रिपमधून परत द्यायच्या.

यात अँटिबॉडी आली इम्युनॉलॉजीतून, जनुक जोडणं आलं मॉलिक्युलर बायोलॉजीतून, व्हायरस आला विषाणूशास्त्रातून. काका, तुमची लेक 'इम्युनॉलॉजी आणि मॉलिक्युलर बायोलॉजी' म्हणते ते हे.

भारतात बनलेली पहिली सीएआर-टी म्हणजे नेक्सकार१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते औपचारिक सुरुवात. परदेशात तीन-चार कोटींच्या घरात जाणारा उपचार इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात आला.

साधीसुधी_कोपरी
बरा आहे. महिन्याला तपासणी असते. दर काही दिवसांनी ताप आला की आम्ही घाबरतो. इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं अधूनमधून, ते का?

पिपेटवाली
कारण सीडी१९ चांगल्या बी-सेलवरही असतं. नव्या टी-सेल चांगल्या-वाईटात भेद करत नाहीत, सगळ्याच बी-सेल साफ करतात. आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी बी-सेलपासूनच होतात, म्हणून बाहेरून द्याव्या लागतात. तापाचं मात्र इथे विचारू नका. डॉक्टरांनी जो नंबर दिलाय त्यावर लगेच फोन करायचा, रात्र असली तरी.

परळ_ते_खारघर
तापावरून एक गोष्ट. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला सीएआर-टी दिलं, ल्युकेमिया असलेलं ते पहिलं मूल. काही दिवसांत ती अतिदक्षता विभागात मरणाच्या दारात पोचली. रक्तात आयएल-६ हा सायटोकाइन (प्रतिकारक पेशींचा निरोप्या रेणू) भयंकर वाढलेला सापडला. हा उपचार विकसित करणारे संशोधक कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणचा संधिवात होता, म्हणून आयएल-६ ला अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि काही तासांत ती सावरू लागली. आज सीएआर-टी देणाऱ्या ठिकाणी हे औषध हाताशी ठेवतात.

सांध्याच्या औषधाने ल्युकेमियाचं पोर वाचलं. विषय ठरवून कारकीर्द होत नाही म्हटलं ते यासाठी.

तिरकस_तात्या
ताई, मी आजवर इम्युनिटी म्हणजे काढा समजत होतो. करोनात प्यायलेले सगळे काढे आठवून पोटात ढवळलं.

हिशेबनीस
आमच्याकडे अजून अर्धी बरणी आहे. न्यायला या. मामलेदारची मिसळ लाच म्हणून चालेल.

खेकडा
मामलेदार आता पूर्वीसारखं राहिलं नाही.

क्यूसीवाला
हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

संपादक_मंडळ
मिसळीसाठी स्वतंत्र धागा आहे, आणि तो गेली आठ वर्षं पेटलेला आहे. कृपया तिकडे.

तीनहातनाका
सगळ्यांचे आभार. रात्री दोघांनी मिळून वाचलं. साधीसुधी ताईंच्या भावाचं वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, माझं काम यातलं नसेलही कदाचित. मला उंदराच्या प्लीहेतल्या पेशी मोजायला बसवतील." हेही तिला माहीत आहे, हे बघून मला जरा बरं वाटलं.

आता नेमका प्रश्न. जायचं ठरलं तर रुजू होण्याआधी तिने काय बघायचं? संस्था चांगली आहे हे कळलं.

पिपेटवाली
गाइड. संस्था नाही, विषय नाही, गाइड. लॅब रोटेशन असेल तर उत्तम. नसेल तर लॅबमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलामुलींशी कँटीनमध्ये चहा घ्यायचा. गाइडसमोर विचारलं तर सगळे छानच म्हणतात. आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, त्यांची नावं निबंधावर कितव्या जागी आहेत, सध्याची ग्रँट कधी संपते, प्रयोग फसल्यावर गाइड काय करतो. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

बॉस्टनचा_बंड्या
+१. आणि जे मध्येच सोडून गेले त्यांना शोधून बोला. लिंक्डइनवर सापडतात. यशस्वी माजी विद्यार्थी संस्थेच्या भिंतीवर फोटोत असतात, सोडून गेलेले फोनवर खरं बोलतात.

अजून एक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन वर्षांत एखादं तंत्र हातात पक्कं बसवून घ्या. मल्टिकलर फ्लो सायटोमेट्री, किंवा आर आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा वापरून सिंगल-सेल (एकेका पेशीच्या) डेटाचं विश्लेषण. प्रोजेक्ट बुडाला तरी ते हात कुठेही विकले जातात.

क्यूसीवाला
याला दुजोरा. आमच्याकडे मुलाखतीला आलेल्या पीएचडीवाल्यांना थिसिसचं शीर्षक फारसं कुणी विचारत नाही. फ्लो स्वतः चालवलंय का, कॉम्पेन्सेशन (एकमेकांत मिसळणारे रंगांचे सिग्नल वेगळे करणं) स्वतः केलंय का, की फॅसिलिटीतल्या माणसाने करून दिलं, हे विचारतात. सेल थेरपीचं काम या पट्ट्यात वाढतंय, अशा हातांची गरज पडणारच. म्हणजे पीएचडी करून रबाळेला येता येतं. रबाळेहून पीएचडीला जाणं अवघड, घरचे हप्ते आड येतात.

खेकडा
क्यूसीवाल्याने स्वतःच्याच ऑफरविरुद्ध मत दिलं. मी अजूनही कंपनीच म्हणतो. पोरीने पाच वर्षं काम करून मग पीएचडीला जावं, तोपर्यंत पैसे गाठीला.

परळ_ते_खारघर
खेकडा, तसं करणारे आहेत, अगदीच नाहीत असं नाही. पण वयाच्या अटी बघून घ्या, बहुतेक फेलोशिपना असतात.

मनीमाऊ_सीवूड्स
येण्याजाण्याचं कुणीच बोललं नाही! ठाण्याहून पनवेलची ट्रान्स-हार्बर लोकल थेट खारघरला थांबते, तो त्रास नाही. त्रास रात्रीच्या परतीचा. चोवीस तासांचा टाइमपॉइंट असेल त्या दिवशी मैत्रिणीकडे मुक्काम लागेल. काका, पहिल्या वर्षी ठाण्याहून, मग होस्टेल मिळतंय का बघा, नाहीतर वाशीच्या वसतिगृहात चौकशी करा. जागा लगेच मिळेल असं समजू नका, आधीच अर्ज टाका.

तीनहातनाका
रबाळेवाल्यांना तिने आज नम्रपणे नकार कळवला. कारण विचारलं तर म्हणाली, क्यूसीवाल्या काकांनी सांगितलं. (क्यूसीवाला, वाईट वाटून घेऊ नका.) उद्या ती दोन लॅबमधल्या सीनियर मुलींना कँटीनमध्ये भेटतेय, प्रश्नांची यादी पिपेटवालीचीच. वसतिगृहाचा अर्जही भरायला घेतला आहे. त्यात 'स्थानिक पालक' असा रकाना आहे, तिथे ठाण्यातल्या बापाचं नाव चालतं का, कुणाला माहीत आहे का?

मनीमाऊ_सीवूड्स
फोन करून विचारा, मेलला उत्तर यायला वेळ लागतो. नवी मुंबईतलं कुणी लागत असेल तर माझं नाव टाका, व्यक्तिगत निरोप करते.

बारावीचा_बाप
सगळा धागा वाचला, वाचनखूण साठवली. आमचा मुलगा नीटला बसलाय, पण त्याला हे जीवशास्त्रच आवडतं, डॉक्टर व्हायचं नाही म्हणतो. बीएस्सी की आयसर?

संपादक_मंडळ
नवीन धागा काढा, प्लीज.